बेटेगाव दर्शन (चहा-नाश्त्यासह)

मराठी माणसाने भारताची वाटणी कधीच करून टाकली आहे. ती भाषेवर नाही, नद्या-डोंगरांवर नाही, ती रात्रींवर आहे. काश्मीर म्हणजे सहा रात्री, सात दिवस. राजस्थानला एक रात्र जास्त, कारण वाळूत झोपायचं असतं. केरळच्या एका रात्री पाण्यावर झोपायचं असतं. ईशान्येकडच्या सात राज्यांना मिळून एकच सहल, ‘सेव्हन सिस्टर्स’, आणि त्यातल्या चार बहिणींना बसच्या खिडकीतूनच ‘येतो गं’ म्हणून पुढे निघायचं. एवढा अवाढव्य देश, रात्रभर गाडीत झोपून उठलं की भाषा, भात आणि देव बदललेले; पण दल सरोवरात शिकाऱ्यात बसूनही ज्याला ‘आज रात्री पिठलं आहे का हो?’ असं विचारावंसं वाटत नाही, त्याचे टूर कंपनीला भरलेले पैसे वाया गेले म्हणायचे.

या रात्रींच्या नकाशात बेटेगाव कुठेच नाही. आमच्या वाट्याला एक दुपारसुद्धा आलेली नाही.

वास्तविक आमच्याइतकं मोक्याचं ठिकाण शोधून सापडणार नाही. बोईसर स्टेशनाच्या पूर्वेला, चिल्हार फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बेटेगाव. एका अंगाला पश्चिम रेल्वे, दुसऱ्या अंगाला, फाट्यापाशी, अहमदाबादचा महामार्ग. उदयपूर, आग्रा, सिमला, वैष्णोदेवी, जे काही बघायला मुंबईकर या वाटेने उत्तरेकडे निघतो, तो आमच्या शेजारूनच जातो. फक्त तेव्हा तो बघत नसतो. राजधानीतला माणूस बोईसर येईपर्यंत चहाच्या ट्रेमधला समोसा सोलत असतो, आणि बसमधला डोळ्यांवर रुमाल टाकून पडलेला असतो. देश बघायचा तर आधी थोडी झोप काढून घ्यावी, असा हिशेब. ती झोप काढण्याचं हक्काचं ठिकाण म्हणजे आमचा पालघर जिल्हा.

बेटेगावात आजवर ‘बघायला’ म्हणून जे आले ते फ्लॅट बघायला. २००९ साली टाटांनी इथे ३ लाख ९० हजारांपासून पुढे घरं जाहीर केली. त्यांची नॅनो गाडी तेव्हा नुकतीच आली होती, म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांना ‘नॅनो घरं’ म्हटलं. मग एकामागून एक संकुलं उभी राहिली, भाताच्या खाचरांना विंगांची नावं आली, आणि बेटेगावावर पहिलंवहिलं प्रवासवर्णन छापून झालं. ते म्हणजे बिल्डरचं ब्रोशर. मी ते जपून ठेवलं आहे. त्यात समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, डोंगर हाकेच्या अंतरावर आहेत आणि मुंबईही हाकेच्या अंतरावर आहे. हाक कोण मारतोय ते छापलेलं नाही. ‘स्टेशनपासून फक्त ५ मिनिटे’ हे वाक्य मात्र मला मनापासून पटतं. रिक्षा निघाली की पाचच मिनिटं लागतात. ती निघते चौथा माणूस ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसल्यावर, आणि तो चौथा बहुधा पुढच्या डहाणू लोकलने यायचा असतो.

तर अशा या ठिकाणी आमच्या हिचे मामा कऱ्हाडहून मुक्कामाला आले. मामा निवृत्त तलाठी. हिंदुस्थान बघून झालेला माणूस. चारधाम, बारा ज्योतिर्लिंगं, कन्याकुमारी, दार्जिलिंग, शिवाय एक नेपाळ. प्रत्येक स्थळाची त्यांच्या वहीत नोंद आहे, आणि ती ते पीक पाहणीच्या शिस्तीने करतात: ठिकाण, तालुका, तारीख, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात दोनच प्रकार. ‘बघून झालं’ किंवा ‘बंद होतं’. ताजमहालासमोर ‘बंद होतं’ आहे, कारण त्यांच्या टूरने त्यांना शुक्रवारी नेलं होतं. त्या दिवशी ताजमहाल पर्यटकांना बंद असतो. मामा म्हणतात, बाहेरून दिसला की. पण वहीत खोटं लिहायचं नाही.

सकाळी चहा झाल्यावर मामांनी वही उघडली आणि म्हणाले, “हं, जावईबापू. इथं बघण्याजोगं काय काय हाय?”

यजमानाला या प्रश्नाइतकी धडकी दुसऱ्या कशाची भरत नाही. पुण्याच्या माणसाला शनिवारवाडा आहे, नाशिकच्याला पंचवटी. आमच्या हातात काय? मी घसा साफ केला आणि देशपातळीवरच सुरुवात केली.

“मामा, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र आमच्याकडे. तारापूर. १९६९.”

मामांनी पेन उघडलं. मी रंगात आलो. पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या, १९७४ ला पोखरणला स्फोट झाल्यावर अमेरिकेने इंधनाला कसे आढेवेढे घेतले, मग ८२ च्या करारानंतर फ्रान्सने ते कसं दिलं, पुढे ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्या आपण आपल्या कशा बांधल्या, सगळं सांगितलं. मामा भारावून गेले.

“मग कधी निघायचं बघायला?”

“बघू देत नाहीत.”

“लांबून?”

“लांबून दिसतं थोडंफार. पण रोखून बघू नये. फोटो तर नाहीच.”

मामांनी पेनाचं टोपण लावलं. आमच्या भागाची ही मोठी पंचाईत आहे. जे बघण्यासारखं आहे ते बघू देत नाहीत, आणि जे बघू देतात त्यासाठी आधी पाहुण्याच्या मनाची तयारी करावी लागते. (त्या कुंपणाशी निगडित एक गोष्ट खरं म्हणजे सांगण्यासारखी आहे. तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण अशी दोन गावंच्या गावं उठवली. त्या गावच्या माणसांनाही आता आपलं गाव बघता येत नाही. पण हे मामांच्या कुठल्याच रकान्यात बसलं नसतं.)

तरी आम्ही निघालो. नवापूर नाक्यावरची गर्दी मामांनी जत्रा समजून कौतुकाने पाहिली. पुढे एमआयडीसी लागली तशी त्यांनी खिडकीची काच वर केली. मग खाली केली, वास घेतला, पुन्हा वर केली. तलाठ्याची सवय, पंचनामा करायचा.

“कसला म्हणायचा हा?”

“एकच असा नाही सांगता येत. पण मामा, यातही आपण देशात पहिले आलो होतो.”

“कशात?”

“केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात. ९३.६९.”

मामांना आधी ते दहावीचे गुण वाटले. त्यांनी ‘वा!’ सुद्धा म्हटलं. म्हणजे आमच्याकडे देशात पहिल्या आलेल्या गोष्टी दोन. एक बघायची बंदी, आणि दुसरी डोळे मिटून घेतले तरी कळते.

तारापूरचा किल्ला मी शेवटपर्यंत राखून ठेवला होता. हुकुमाचा एक्काच म्हणा. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ च्या जानेवारीत, पोर्तुगीजांकडून हा किल्ला घेताना बाजी भिवराव रेठरेकर पडले. थोरल्या बाजीरावाचा जिवाभावाचा माणूस. मी ‘रेठरेकर’ म्हटलं मात्र, मामा ताडकन सरळ बसले.

“रेठरेकर? म्हंजे आमच्या रेठऱ्याचे! कऱ्हाडाजवळचं रेठरं! अहो, आमचं शिवार तिथनं एका चालीवर!”

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. साऱ्या हिंदुस्थानात त्यांना स्वतःचं असं काही सापडलं नव्हतं, ते तारापुरात सापडलं. गाडीतून उतरल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि तटाकडे बघून हात जोडले. मग आम्ही दरवाजाशी गेलो. किल्ला आज खाजगी मालकीचा आहे आणि आत वाडी आहे. वाडीवरच्या माणसाने आम्हाला अडवलं.

“आत सोडता येणार नाय.”

“अरे बाबा, आमचा माणूस पडलाय इथं,” मामा म्हणाले.

तो माणूस एकदम गंभीर झाला. “आत? कधी पडला?”

“सतराशे एकोणचाळीस साली.”

त्याने बराच विचार केला. “मग मालकांना विचारावं लागेल,” म्हणाला.

वहीत ‘बंद होतं’ अशी नोंद झाली. पण कंसात मामांनी ‘आपलेच’ असं लिहिलं. शेऱ्याचा तिसरा प्रकार मी प्रथमच पाहिला.

चिंचणीचा समुद्र त्यांनी पाहिला, पण नेमकी ओहोटी होती. आमच्या किनाऱ्यावर ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की तो बघायला चालत जावं लागतं, आणि तिथे पोहोचेपर्यंत भरती सुरू होते. सातपाटीचा विषय मी काढला नसता तर बरं झालं असतं. सातपाटी म्हणजे पापलेट, आणि पापलेट म्हणजे २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा. ही माहिती मी मोठ्या अभिमानाने पुरवली. मामा माळकरी. त्यांनी गळ्यातली माळ चाचपली आणि विचारलं, “राज्यमासा म्हंजे आता खायचा नसंल ना?” मी म्हटलं, मोर राष्ट्रीय पक्षी आहे म्हणून मारत नाहीत, पापलेटाच्या बाबतीत सरकारने तेवढं ताणलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिरगावचा किल्ला. तो उघडा असतो, फुकट असतो, आणि तिथे फांद्या फुटलेलं ताडाचं झाड आहे. ताडाला फांद्या! मामांनी त्याला तीन प्रदक्षिणा घातल्या. केळव्याला शीतलादेवीचं दर्शन झालं आणि मुंबईची शनिवार-रविवारची गर्दीही बघून झाली. दोन्हींच्या नोंदी झाल्या. वाघोबा खिंडीत देवाला नमस्कार, माकडांना केळी. (देऊ नयेत म्हणून सांगितलं होतं, पण माकडांनी मामांची परवानगी घेतली नाही.) जव्हारला मात्र गाडी अडली. मी सहज बोलून गेलो की, त्याला ‘मिनी महाबळेश्वर’ म्हणतात. मामा म्हणाले, “आम्ही मोठं बघितलंय. धाकटं कशाला बघायचं?”

हे ‘मिनी’ प्रकरण फार घातक. मुकणे राजांचा जयविलास राजवाडा आहे, दाभोसाचा धबधबा आहे, सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज जिथे थांबले तो शिरपामाळ आहे. हे सगळं जव्हारचं स्वतःचं. त्याला महाबळेश्वराचं झबलं घालून उभं करायची काय गरज होती? असं केलं की मूळ ठिकाण बघून आलेला पाहुणा नकलेचे गुण कापत बसतो. महाबळेश्वराला कुणी ‘मोठं जव्हार’ म्हणत नाही.

शिवाय शिक्क्याचाही प्रश्न असतो. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. मामांनी ती यादी वर्तमानपत्रातून कापून वहीला चिकटवली आहे. पालघर जिल्ह्यात किल्ले पावलोपावली. वसई, अर्नाळा, केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, काळदुर्ग, अशेरी. अशेरीवर तर पोर्तुगीजांचं कोरीव राजचिन्ह अजून उघड्यावर पडलेलं आहे. पण बारांत आमचा एकही नाही. जिंजी तिकडे तमिळनाडूत, हजारभर किलोमीटरांवर. तिथे मामा पुढच्या वर्षी जाणार आहेत. बघण्यासारखं काय ते माझ्या मते अंतरावर ठरतं. तिकीट जितकं महाग, तितकं स्थळ प्रेक्षणीय. अशेरीला रिक्षाने जाता येतं म्हणूनच तो मागे पडला. उद्या तो उचलून मेघालयात ठेवला, तर आमचं अख्खं बोईसर ‘सहा रात्री, सात दिवस’ करून तो बघून येईल, आणि आल्यावर वाटेत पिठलं कुठे मिळालं ते सांगेल.

माझ्या या सिद्धांताला सगळ्यात भक्कम पुरावा आमच्या सोसायटीतच आहे. एमआयडीसीमुळे आमच्या एका विंगेत अर्धा भारत राहतो. मामा ज्या ज्या स्थळांना आठवडाभर रेल्वेत बसून गेले, त्या त्या स्थळांहून निघून माणसं आमच्याकडे आली आहेत. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ खुद्द आग्र्याचे. त्यांनी ताजमहाल आतून बघितलेला नाही. कारण विचारलं तर म्हणाले, “मामाजी की दुकान है गेट के पास. देख लिया तो गल्ले पे बिठा देंगे.” पुरीचे एक इंजिनिअर आहेत, ते रथयात्रेच्या दिवसांत मुद्दाम सुट्टी घेत नाहीत, त्या दिवसांत त्यांच्या घरी इतके पाहुणे उतरतात की घरच्या माणसाला झोपायला जागा उरत नाही. अलप्पुळाची एक नर्सबाई आहे. हाऊसबोटीचं एका रात्रीचं भाडं मामांनी तिला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की मामांना ते परत मागावंसं वाटलं. तळमजल्याचे किराणावाले जैसलमेरचे. त्यांचा तर विश्वासच बसेना. “रेती देखने? पैसे देके?” एवढंच ते पुनःपुन्हा विचारत राहिले. त्यांच्या दोन पिढ्या त्या वाळूतून बाहेर पडायला झटल्या होत्या.

आणि याच माणसांना बेटेगावात काय बघण्यासारखं वाटतं? आग्र्याच्या गृहस्थांचे वडील आले, ते रोज संध्याकाळी स्टेशनवर जाऊन लोकल बघायचे. डहाणू रोडपर्यंत लोकल आली २०१३ च्या एप्रिलमध्ये. तोवर आमची भिस्त पॅसेंजरवर होती. लोकलमध्ये माणसं शिरतात कशी आणि उतरतात कशी, हे बघायला ते फलाटाच्या बाकावर तासभर बसत. ताजमहालापेक्षा हे जास्त आश्चर्य आहे असं त्यांचं मत पडलं, आणि संध्याकाळच्या विरार-डहाणूत एकदा शिरून पाहिलेल्या कुणालाही ते पटावं.

खुद्द इथल्या मातीतल्या कलेचं आम्ही काय केलं, तेही सांगून टाकतो. प्रवेशद्वारापाशी ‘स्थानिक संस्कृती’ हवी, असा सोसायटीत ठराव झाला. स्थानिक म्हणजे अर्थातच वारली चित्र. ज्यांनी ती चित्रं जगभर नेली, ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ते जिव्या सोमा म्हसे आमच्याच जिल्ह्यातले, डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. आमच्या समितीने मात्र मोबाईलवरून तयार स्टिकर मागवले, घरपोच, दोन दिवसांत. भिंतीवर गोल धरून नाचणाऱ्या पांढऱ्या आकृत्या चिकटल्या. झाडलोट करणाऱ्या मावशी इथल्याच, पाड्यावरच्या. त्यांनी झाडू थांबवून बराच वेळ ते निरखलं आणि विचारलं, “तारपा वाजवणारा कुठे हाय?” खरंच नव्हता. स्टिकरच्या पाकिटातच नव्हता. “मग ही नाचतात कशावर?” याचं उत्तर समितीला अजून देता आलेलं नाही.

मामा गेल्यावर त्यांच्या वहीचा परिणाम म्हणून सोसायटीने वार्षिक सहलीची सभा बोलावली. भारतात एवढं बघण्यासारखं आहे, तर एकत्र जाऊ, एवढाच साधा विचार होता. अध्यक्षांनी सुरुवातीलाच ‘आग्रा’ म्हटलं. आग्र्याचे गृहस्थ म्हणाले, “वहाँ गर्मी बहुत है.” कुणी ‘पुरी’ म्हटलं. इंजिनिअरांनी हात जोडले. सोसायटीची सगळी माणसं घरी उतरल्याचं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असावं. जैसलमेरला किराणावाल्यांनी विरोध केला, केरळला नर्सबाईंनी. एका बिहारी कुटुंबाने नालंदाबद्दल प्रामाणिकपणे सांगितलं की, “खंडहर है, और क्या.” कच्छच्या बाई म्हणाल्या, रण म्हणजे मीठ, मीठ तर स्वयंपाकघरात आहे. मी न राहवून महाबळेश्वर सुचवलं. त्यावर साताऱ्याचे एक जण म्हणाले, “स्ट्रॉबेरी हल्ली इथंच मिळते.” अशा रीतीने तासाभरात आम्ही काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत साऱ्या देशावर फुली मारली. प्रत्येक फुली त्या त्या ठिकाणच्या जाणकाराच्या हस्ते.

मग जवळचं बघू, असं ठरलं. जवळच्या ठिकाणांवर सगळ्यांचं एकमत झालं, की तिथे कधीही जाता येईल. म्हणून तीही राहिली.

शेवटी कोपऱ्यातून बुलेट ट्रेन हा शब्द आला आणि सभेत चैतन्य पसरलं. सप्टेंबर २०१७ मध्ये अहमदाबादला तिचं भूमिपूजन झालं. ५०८ किलोमीटर, बारा स्थानकं, आणि त्यांत एक आपलं बोईसर! वेग ताशी ३२० किलोमीटर. कुणीतरी मोबाईलवर हिशेब केला: एक किलोमीटर ओलांडायला सव्वाअकरा सेकंद. म्हणजे जी गाडी बोईसरला थांबणार नाही, तिच्यातून बेटेगाव साधारण तेवढाच वेळ दिसणार. आपण आपलं गाव आतापर्यंत किती वेळ बघितलं आहे ते पाहता हेही पुष्कळ आहे, असं मी म्हटलं, पण ते इतिवृत्तात घेतलं गेलं नाही.

ठराव एकमताने झाला: सोसायटीची सहल बुलेट ट्रेनने, सुरू होईल त्या दिवशी, पहिल्या गाडीने. तोवर जमलेली वर्गणी बँकेत मुदत ठेवीत टाकावी. खजिनदार शिस्तीचे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी फॉर्म आणला आणि लिफ्टपाशी उभं राहून सगळ्यांना विचारलं, “मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकरण, यावर खूण करू ना?”

सगळ्यांनी करा म्हटलं.